विश्लेषण : अमेरिकेत जुन्या ‘फोर बाय फोर’ पिकअप ट्रकना एवढी मागणी का? नव्या ट्रकमध्ये काय बिघडले?

काच खाली करायला हाताने फिरवायचे हँडल. एसी नाही, स्क्रीन नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅगचा तर प्रश्नच नाही. तरीही पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ‘फोर बाय फोर’ पिकअप ट्रकसाठी नव्या कोऱ्या ट्रकपेक्षा जास्त पैसे मोजणारे ग्राहक अमेरिकेत आहेत. वरवर पाहता ही जुन्या गाड्यांची हौस वाटते. पण नव्या ट्रकचा वाढलेला आकार, चढलेली किंमत, दुरुस्तीचा हक्क आणि प्रदूषणाचे नियम असे अनेक मुद्दे तिच्यात गुंतले आहेत. जुनी गाडी केव्हा भंगार ठरते आणि केव्हा वारसा, हा वाद आपल्याकडेही आहेच. म्हणून हे प्रकरण समजून घ्यायला हवे.

नेमकी मागणी कोणत्या ट्रकना?

ढोबळमानाने तीन गट आहेत. पहिला गट दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ट्रकचा. डॉज कंपनीची ‘पॉवर वॅगन’ आणि विलिस कंपनीचा जीप ट्रक ही त्यातली ठळक नावे. दुसरा गट साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या फोर्ड, शेव्हर्ले, जीप ग्लॅडिएटर आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या पिकअपचा. तिसरा गट त्यानंतर आलेल्या जपानी गाड्यांचा. त्यात टोयोटाचा हायलक्स आहे आणि अलीकडे मोठ्या संख्येने आयात होणारे ६६० सीसीचे चिमुकले ‘के’ ट्रकही आहेत.

या सर्वांमध्ये काही गोष्टी समान आहेत. मजबूत चासी, पुढे-मागे पाट्यांचे किंवा तसेच साधे सस्पेन्शन, चारही चाकांना ताकद देण्याची यांत्रिक सोय आणि मागे सामानाचा हौदा. गाडी बंद पडली तर पान्हे आणि थोडी अक्कल एवढ्या भांडवलावर ती पुन्हा सुरू करता येते, ही या ट्रकची खरी ओळख.

सुरुवात कुठून झाली?

महायुद्धापूर्वी चारही चाकांवर चालणारा ट्रक ही खास मागणीची वस्तू होती. १९३१ मध्ये इंडियानापोलिसला सुरू झालेली मार्मन-हॅरिंग्टन ही कंपनी फोर्डच्या ट्रकना फोर बाय फोर यंत्रणा बसवून देत असे. युद्धात जीप आणि डॉजच्या लष्करी ट्रकनी हजारो तरुण सैनिकांना या यंत्रणेची सवय लावली. हे सैनिक घरी परतले तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांसमोर शेती, जंगलतोड, खाणी, वीज आणि टेलिफोनच्या तारा टाकणे अशी कामे होती. रस्ते कच्चे होते आणि हिवाळ्यात बर्फ ठरलेला.

ही गरज ओळखून डॉजने १९४६ मध्ये आपल्या लष्करी ट्रकच्या धर्तीवर ‘पॉवर वॅगन’ बाजारात आणली. कारखान्यातूनच फोर बाय फोर होऊन आलेला आणि मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला नागरी पिकअप मानला जातो. ९४ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि हवी असल्यास पुढे विंच, असा तिचा थाट होता. वेग अगदीच बेताचा, पण रुतलेला ट्रॅक्टर ओढून काढायला कमी नाही. अमेरिकेत ती १९६८ पर्यंत विकली गेली, तीही मूळ रूपात फारसा बदल न होता.

विलिसचा जीप ट्रक १९४७ मध्ये आला. शेव्हर्ले आणि जीएमसीच्या ट्रकसाठी मिनियापोलिसच्या ‘नॅप्को’ कंपनीचे फोर बाय फोर किट मिळू लागले आणि पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात ते थेट कारखान्यातून बसवून येऊ लागले. फोर्डने १९५९ मध्ये स्वतःची यंत्रणा दिली. १९६०च्या अखेरीस ट्रॅक्टर बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने छोटी ‘स्काउट’ आणली. तिचाही अर्ध्या टपाचा पिकअप अवतार होता. म्हणजे आज संग्राहकांच्या शेडमध्ये जपून ठेवलेली ही वाहने मुळात राबण्यासाठी जन्मली होती.

ही यंत्रणा चालते कशी?

साध्या ट्रकमध्ये इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून फक्त मागच्या चाकांकडे जाते. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिचा वेगळा लिव्हर ओढला की ताकद पुढच्या चाकांकडेही जाऊ लागते.

या पेटीत बहुधा एक जास्तीची, संथ गिअरजोडीही असते. समजा तिचे प्रमाण दोनास एक आहे. मग इंजिन तेवढ्याच वेगाने फिरत असताना चाके निम्म्या वेगाने फिरतात आणि घर्षणातला तोटा सोडला तर पीळबळ, म्हणजे टॉर्क, दुप्पट होते. म्हणूनच ९४ अश्वशक्तीचा ट्रक चिखलातून निघतो.

याला एक अट आहे. जुन्या ट्रकमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळण घेताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही, त्यामुळे सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. म्हणून डांबरी रस्ता आला की फोर बाय फोर काढून ठेवायचे. पुढची चाके तरीही मधल्या शाफ्टला उगाच फिरवत राहतात. तो भार टाळण्यासाठी चाकांच्या हबवर हाताने फिरवायची कुलपे आली. ‘वॉर्न’ ही कंपनी १९४८ मध्ये याच व्यवसायातून उभी राहिली. युद्धातल्या जुन्या जीप रस्त्यावर नीट चालाव्यात, हा तिचा उद्देश होता.

थोडक्यात, चिखल दिसला की खाली उतरायचे, दोन्ही हब फिरवायचे, परत चढायचे आणि लिव्हर ओढायचा. नव्या ट्रकमध्ये हे सगळे एका बटणावर होते. मात्र त्या बटणामागे सेन्सर, मोटर, वायरिंग आणि सॉफ्टवेअर असते. बटण चालेनासे झाले तर दोष शोधायलाही संगणक लागतो. अनेक चाहत्यांचे म्हणणे इथेच सुरू होते.

नव्या ट्रकबद्दल तक्रार काय?

पहिली तक्रार किमतीची. अमेरिकेत नव्या वाहनाची सरासरी किंमत सप्टेंबर २०२५ मध्ये प्रथमच ५० हजार डॉलरच्या वर गेली. लोक आहे तीच गाडी जास्त वर्षे चालवू लागले असून तिथल्या रस्त्यांवरील वाहनांचे सरासरी वय २०२५ मध्ये १२.८ वर्षांवर पोहोचले.

दुसरी तक्रार दुरुस्तीची. गाडीतली माहिती फक्त कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रालाच दिसणार असेल, तर गल्लीतल्या गॅरेजवाल्याने करायचे काय? मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ आणि २०२० अशा दोन वेळा मतदारांनी थेट मतदानातून वाहनदुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला.

तिसरी आणि सर्वांत मोठी तक्रार आकाराची. आजचा फोर्ड एफ-१५० चार दारांच्या प्रचलित रूपात सुमारे ५.९ मीटर लांब आणि दोन मीटरहून अधिक रुंद आहे. एवढे असूनही त्याचा हौदा साधारण साडेपाच फुटांचा. उलट जपानच्या के ट्रकची लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि हौदा सहा फुटांहून मोठा. नव्या ट्रकमध्ये वाढलेली जागा माणसांच्या केबिनला आणि बॉनेटला गेली, सामानाला नाही.

उंच बॉनेटची किंमत पादचारी मोजतात. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४० इंचांहून उंच बॉनेट असलेल्या वाहनाची धडक बसल्यास पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या वाहनापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक असते, असे त्यात आढळले.

ट्रक एवढे मोठे का झाले?

ग्राहकाची आवड हे एक कारण आहेच. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक विकली जाणारी ट्रक मालिका आहे. मात्र या आवडीला नियमांनीही आकार दिला.

पहिला नियम चक्क कोंबडीमुळे आला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने स्वस्त अमेरिकन कोंबडीवर कर लावला. प्रत्युत्तर म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये काही वस्तूंवर २५ टक्के आयातशुल्क जाहीर केले. त्यात हलके ट्रक होते. बाकीच्या वस्तूंवरचे शुल्क काळाच्या ओघात गेले, ट्रकवरचे मात्र राहिले. या ‘चिकन टॅक्स’मुळे परदेशी बनावटीचे छोटे, स्वस्त पिकअप अमेरिकेत विकणे कठीण होऊन बसले.

दुसरा नियम प्रदूषणाचा. सत्तरच्या दशकाच्या मध्यात सुमारे २,७०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या गाड्यांना कडक मानके आली. फोर्डने १९७५च्या मॉडेल वर्षात या मर्यादेच्या किंचित वर बसणारा ट्रक आणला आणि त्यातून सुटका करून घेतली. तोच एफ-१५०.

तिसरा नियम इंधनबचतीचा. १९७५च्या कायद्याने मोटारी आणि हलके ट्रक यांना वेगळ्या रांगेत बसवले आणि ट्रकना सवलत दिली. पुढे गाडीच्या चाकांमधल्या क्षेत्रफळावर लक्ष्य ठरू लागले. गाडी जेवढी मोठी, तेवढे तिचे लक्ष्य सौम्य. लहान पिकअप बनवण्यात कंपन्यांना फायदा उरला नाही, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. फोर्डने छोटा ‘रेंजर’ २०११ मध्ये अमेरिकेत बंद केला आणि २०१९ मध्ये परत आणला तो मोठा करूनच.

म्हणजे जो ग्राहक साधा, छोटा आणि दणकट ट्रक मागतो, त्याला नव्यांच्या बाजारात फारसे काही मिळत नाही. तो जुन्यांकडे वळतो.

२५ वर्षांचा नियम काय आहे?

अमेरिकेच्या १९८८च्या कायद्यानुसार तिथल्या सुरक्षा मानकांत न बसणारे परदेशी वाहन सहजासहजी आयात करता येत नाही. वाहन २५ वर्षांचे झाले की ही अट सुटते. प्रदूषणाच्या संघीय नियमांसाठी ही मर्यादा २१ वर्षांची आहे. त्यामुळे दरवर्षी जपानमधील जुन्या गाड्यांचा नवा साठा पात्र ठरतो. सुझुकी कॅरी, दाइहात्सु हायजेट, होंडा अ‍ॅक्टी आणि सुबारू सांबर हे फोर बाय फोर के ट्रक या वाटेने अमेरिकी शेतांवर पोहोचले. आयात करताना ‘चिकन टॅक्स’ भरावा लागतो, तरीही ते परवडतात.

प्रश्न आला तो रस्त्याचा. आयातीची परवानगी केंद्राची, तर नोंदणी राज्याची. मेन, ऱ्होड आयलंड, जॉर्जिया अशा राज्यांच्या वाहन विभागांनी सुरक्षेचे कारण देत या ट्रकची नोंदणी नाकारली किंवा रद्द केली. मॅसॅच्युसेट्सने २०२४ मध्ये तसाच निर्णय घेतला आणि मालक एकवटल्यावर काही महिन्यांत मागे घेतला. त्याच वर्षी टेक्सासने मात्र नोंदणीचा मार्ग मोकळा केला. एकच ट्रक एका राज्यात कायदेशीर आणि दुसऱ्यात बेकायदा, अशी ही स्थिती.

जुने ट्रक खरेच चांगले आहेत का?

भावनेच्या भरात एक बाजू विसरली जाते. हे ट्रक अपघातात धोकादायक आहेत. अमेरिकेत प्रवासी मोटारींना डोक्यामागचा आधार १९६९ पासून सक्तीचा झाला. हलक्या ट्रकना तो नियम लागू व्हायला १९९१ उजाडले. पन्नाशीच्या ट्रकमध्ये मूळचा सीटबेल्टही बहुधा नसतो. चारही ब्रेक ड्रमचे, थांबायला लागणारे अंतर मोठे. ‘लोखंड जाड, म्हणून गाडी सुरक्षित’ हा समज चुकीचा आहे. गाडीचा पुढचा भाग चेपला नाही, तर धडकेचा जोर आत बसलेल्या माणसाला सोसावा लागतो.

धुराचेही तेच. कार्ब्युरेटरवर चालणारे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेले इंजिन प्रत्येक किलोमीटरमागे नव्या इंजिनाच्या कित्येक पट प्रदूषण करते. चाहत्यांचा युक्तिवाद असा की, ही वाहने वर्षातून मोजके दिवस बाहेर निघतात. शिवाय नवी गाडी बनवतानाही प्रदूषण होतेच.

हा वाद कॅलिफोर्नियात विधिमंडळापर्यंत गेला. तिथे १९७५ पर्यंतच्या मॉडेलना धूरचाचणीतून कायमची सूट आहे. पूर्वी ही सूट दरवर्षी एक वर्ष पुढे सरकत असे. २००४च्या कायद्याने ती गोठवली. त्यामुळे १९७६च्या ट्रकच्या मालकाला पन्नास वर्षे जुन्या इंजिनाची चाचणी करून घ्यावी लागते आणि मूळ सुटे भाग तर मिळत नाहीत. ३५ वर्षे जुन्या, संग्राहक विमा असलेल्या गाड्यांना सूट देणारे विधेयक २०२५ मध्ये आले. प्रसिद्ध सूत्रसंचालक आणि गाड्यांचे संग्राहक जे लेनो यांनी त्याची बाजू मांडल्यामुळे ते ‘लेनोचा कायदा’ म्हणून ओळखले गेले. हवेच्या गुणवत्तेसाठी काम करणाऱ्या गटांचा विरोध होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ते समितीतच अडकले.

हौस कोणाची, फटका कोणाला?

मागणी वाढली तशी ‘रेस्टोमॉड’ची बाजारपेठ उभी राहिली. बाहेरून जुना ट्रक, आतून नवे इंजिन, डिस्क ब्रेक आणि एसी. अशा ट्रकची किंमत लाखाहून अधिक डॉलरमध्ये जाते. परिणामी ज्या शेतकऱ्यासाठी किंवा सुतारासाठी हा ट्रक बनला होता, त्याच्या हातून तो सुटत चालला आहे. गंजलेले सांगाडेही आता भंगाराच्या भावाने मिळत नाहीत.

कंपन्यांनीही संकेत ओळखला आहे. फोक्सवॅगन समूहाने २०२२ मध्ये ‘स्काउट’ हे नाव पुन्हा जिवंत केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पिकअपसह दोन विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे प्रारूप दाखवले. फोर्डच्या तुलनेने छोट्या ‘मॅव्हरिक’ला चांगला प्रतिसाद मिळाला. एप्रिल २०२५ मध्ये ‘स्लेट’ या नवउद्योगाने टचस्क्रीन नसलेला, हाताने काचा फिरवायचा विजेवरचा छोटा पिकअप जाहीर केला. त्याची फक्त मागची चाके चालतात, म्हणजे फोर बाय फोरवाल्यांची प्रतीक्षा संपलेली नाही.

भारताशी याचा काय संबंध?

या परंपरेचा एक धागा थेट मुंबईत येतो. १९४५ मध्ये सुरू झालेल्या महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत ती जीप इतिहासजमा झाली तरी तिची वंशावळ इथे चालू राहिली. २०१८ मध्ये महिंद्राने त्याच वंशातली ‘रॉक्सर’ मिशिगनमध्ये बनवून अमेरिकेत विकायला काढली, तीही फक्त शेत-रानात वापरण्यासाठी. ती जीपसारखी दिसते, असा दावा जीपच्या मालक कंपनीने केला आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने विक्रीवर बंदी घातली. रूप बदलल्यावर त्याच वर्षी रॉक्सरला परवानगी मिळाली.

आपल्याकडे पिकअपपेक्षा जीप आणि ‘जोंगा’ यांचे वेड जास्त. निस्सान पेट्रोलवर आधारलेली जोंगा जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनत असे. लष्कराच्या लिलावांतून ती हौशी मंडळींकडे आली. इथला पिकअप मात्र अजूनही भाजी, दूध आणि सिमेंट वाहणारे पोटापाण्याचे वाहन आहे. तो व्यावसायिक वाहनात मोडतो आणि नियमांचा पेच तिथेच आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. ५० वर्षांहून जुने, मूळ रूपातले, व्यावसायिक वापर नसलेले वाहन असेल तर ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा देखभाल यासाठीच रस्त्यावर आणता येते. दुसरीकडे वाहन मोडीत काढण्याच्या धोरणात १५ वर्षांवरील व्यावसायिक आणि २० वर्षांवरील खासगी वाहन योग्यता चाचणीत नापास झाले तर त्याचा प्रवास संपतो. १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी तर एप्रिल २०२३ पासून रद्दच होते. त्यात कितीतरी जुन्या जीप होत्या.

शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. म्हणजे अमेरिकेतल्यासारखा रेस्टोमॉड करण्याला इथे फारसा वाव नाही. पंधराव्या वर्षी संशयाच्या फेऱ्यात आलेल्या वाहनाने पन्नासाव्या वर्षी वारसा ठरण्यासाठी मधली पस्तीस वर्षे काढायची कशी, याचे उत्तर नियमांत नाही. राबणारा पिकअप तर तिथवर पोहोचण्याची शक्यता आणखी कमी.

पुढे काय?

अमेरिकेत कॅलिफोर्नियासारखी विधेयके पुन्हा येतील आणि के ट्रकचा वाद राज्याराज्यांत चालू राहील. दोन्ही बाजूंचे म्हणणे खोटे नाही. सरसकट सूट दिली तर शेजाऱ्याच्या फुप्फुसांवर आणि पादचाऱ्याच्या जिवावर ती हौस पुरवली जाईल. सरसकट बंदी घातली तर दुरुस्त होऊ शकणारे यंत्र आणि ते दुरुस्त करणारे हात, दोन्ही भंगारात जातील. वर्षाकाठी किलोमीटरची मर्यादा, परवडणारी चाचणी आणि सीटबेल्ट-ब्रेकसारख्या सुधारणांना मान्यता, हा मधला मार्ग आहे. नव्या बाजारात साधा, छोटा आणि गल्लीतल्या गॅरेजमध्ये उघडता येईल असा ट्रक मिळू लागला, तर जुन्यांवरचा ताणही कमी होईल. तोवर ज्याला रोज कामावर जायचे आहे आणि ज्याला रविवारी मिरवायचे आहे, असे दोघेही त्याच साठ वर्षांच्या ट्रकवर बोली लावत राहतील. त्यात कामावर जाणारा मागे पडेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.